सागराची 'उत्पादकता' की 'सुपीकता'?

प्रश्न असा आहे: 'सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर हिमस्तर साचला, तेव्हा दक्षिणी महासागराची उत्पादकता वाढली.' या वाक्यातली उत्पादकता म्हणजे मासळी का? आणि 'सुपीकता' हा ओळखीचा शब्द का नको?

मासळी नव्हे. वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सूर्यप्रकाशावर ज्या वेगाने कार्बन बांधून घेतात, तो वेग म्हणजे उत्पादकता. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती ग्रॅम, अशी ती मोजतात. 'सुपीकता' इथे चुकीचीच ठरेल. आजच्या दक्षिणी महासागरात नायट्रेट-फॉस्फेट मुबलक आहे, म्हणजे पाणी सुपीकच. पण लोह कमी पडतं, हिवाळ्यात उजेडही, म्हणून बरंचसं खाद्य वापराविना राहतं.

'उत्पादन' म्हटलं तरी भागत नाही, कारण त्यातून नुसतं प्रमाण कळतं, वेग नाही; आणि हे जीवाश्मांमुळे फार चांगलं कळतं. वरच्या थरात प्लवक वाढले की तळाशी जास्त अन्न झिरपतं आणि तिथले फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचधारी एकपेशीय जीव, वाढतात. त्यांची कवचं गाळात सापडतात. पण एका ग्रॅम गाळात कवचं जास्त निघाली, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित त्या काळात चिखलच कमी साचला असेल. म्हणून गाळ साचण्याचा वेग काढून, दर चौरस सेंटिमीटरला हजार वर्षांत किती कवचं पडली, असा हिशेब करतात. त्यातही एक मेख आहे. अंटार्क्टिकावर हिमस्तर साचला त्याच काळात प्रशांत महासागरात चुन्याची कवचं विरघळण्याची सीमा किलोमीटरहून अधिक खाली गेली. तिथे कवचं जास्त सापडतात ती जास्त जगली म्हणून की जास्त टिकली म्हणून, हे तपासावंच लागतं. सिलिकाच्या कवचांचे डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, यासाठी वेगळा साक्षीदार ठरतात. मराठीत त्यांना 'करंडक' म्हणतात, कारण कवचाचे दोन भाग डबी-झाकणासारखे बसतात. किती नेमकं नाव!

थंडी आणि उत्पादकता यांचा दुवा वारा आणि पाण्याची घुसळण हा आहे. ध्रुव गारठले, वारे जोर धरू लागले, तर खोलातली पोषकद्रव्यं वर येतात. पण 'थंडी वाढली की उत्पादकता वाढते' असा सरसकट नियम करू नये. शेवटच्या हिमयुगात ओमानच्या किनाऱ्यालगत 'ग्लोबिजेरिना बुलॉइड्स' ही खालून वर आलेल्या पोषक पाण्यात, वरच्या थरात वाढणारी फोरॅमिनिफेराची जात घटली, कारण नैऋत्य मोसमी वारे मंदावले आणि खोलातलं थंड पाणी पूर्वीइतकं वर येईना.