आधी बाबांना सांग, मग पाण्यात उतर

मेलबर्नहून आलेलं तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नाव छापू नका म्हणालीस, ते छापत नाही. माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं एवढं मात्र सांगते, त्याशिवाय तुझी अडचण वाचणाऱ्यांना कळायची नाही.

तू लिहितेस: “काकू, धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी अंथरुणाला खिळले. आईचा व्हिसा आला नाही, सासूबाईंचे गुडघे. तेव्हा समोरच्या घरातली बाई रोज डबा घेऊन यायची, मोठ्याला शाळेत सोडायची. तिच्याबरोबर चर्चला गेले ती अजून जातेच आहे. बायबल वाचल्याशिवाय आता माझा दिवस सुरू होत नाही. ईस्टरला बाप्तिस्मा घ्यावा असं पाळकांशी बोलणं झालंय. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. मी घ्यावा का? आणि घेतलाच तर आई-बाबांना कळवायची खरंच गरज आहे का? बाबांना हृदयाचा त्रास आहे. इथलं इथे राहील.”

पुढे मुलाची मुंज, नवरात्रातला प्रसाद, मंगळसूत्र आणि बाबांच्या मालमत्तेतला हिस्सा असे चार प्रश्न आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते. तुझा खरा प्रश्न त्या तीन शब्दांत आहे. इथलं इथे राहील.

बाळ, राहत नाही. मी इतकी वर्षं कॅनडात काढून आता राजारामपुरीत येऊन बसले आहे आणि या एका गोष्टीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आपण परदेशात गेलेली माणसं दोन वह्या ठेवतो. एक तिथली, खरी. दुसरी घरच्यांना दाखवायची, तिच्यात सगळे सणवार, उपासतापास जागच्या जागी. मोडलेला संसार, गेलेली नोकरी, मुलाने आणलेली मैत्रीण, सगळं आपण पहिल्या वहीत ठेवतो आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दुसरी उघडतो. नोकरीच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, दुसरी मिळते. देवाच्या बाबतीत चालत नाही.

माझ्या धाकट्या भावाने ह्यूस्टनला असताना बाप्तिस्मा घेतला. मनापासून घेतला, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण घरी सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. कितीतरी वर्षं तो दर शुक्रवारी फोन करायचा आणि ठेवताना बाबांना म्हणायचा, “अंबाबाईला माझा नमस्कार सांगा.” बाबा देवळात जायचे आणि सांगायचे. खरंच सांगायचे, गाभाऱ्यासमोर उभं राहून, त्याचं नाव घेऊन.

बाबा गेले तेव्हा तो मिळेल त्या विमानाने आला. पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी रचून झाल्या होत्या. गुरुजींनी दर्भाचं पवित्रक त्याच्यापुढे धरलं आणि तो हात मागे घेऊन उभा राहिला. काकांना वाटलं, पोराला सुचेनासं झालंय. म्हणाले, “घे की रे.” तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, “काका, मला नाही करता येणार. मी ख्रिस्ती आहे.” सगळी भावकी ऐकत होती. अग्नी चुलतभावाने दिला. आईला हे संध्याकाळी शेजारणीकडून कळलं.

आई त्याच्यावर ओरडली नाही. मला एवढंच म्हणाली, “त्यानं देव बदलला त्याचं मी सहन केलं असतं गं. पण ह्यांना दर शुक्रवारी खोटा निरोप द्यायला लावला.” पुढे ती त्याच्याशी बोलायची, जेवायलाही वाढायची. मात्र फोनवर त्याने काहीही सांगितलं की माझ्याकडे बघून विचारायची, “खरं असंल का?” ते शेवटपर्यंत गेलं नाही.

म्हणून तुला सांगते, बाबांचं हृदय पुढे करू नकोस. त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचार, तब्येत ढासळलेली असेल तर थोडं थांब. पण डॉक्टर म्हणाले बरं चाललंय, तर मग भीती तुझी आहे, त्यांच्या हृदयाची नाही. ती भीती मला समजते. “बाटली” हा शब्द कुणीतरी उच्चारणार. “किती पैसे मिळाले?” असं विचारणारा एखादा चुलता प्रत्येक घरात असतोच.

माझ्या नणंदेच्या मुलीने उलट केलं. इचलकरंजीचं घर, मोठं, कडक सोवळ्याओवळ्याचं. ती बाप्तिस्म्याच्या आधी सुट्टी काढून आली आणि आई-वडिलांना समोर बसवून बोलली. वडिलांनी तीन प्रश्न विचारले. नाव बदलणार का? कुणाचा पैसा घेतलास का? आणि आम्ही मेल्यावर येशील का? तिने तिन्हींची उत्तरं तिथल्या तिथे दिली. क्रिया करणार नाही, पण येईन, खांदा देईन, बाराव्यापर्यंत घरात राहीन, हेही तेव्हाच सांगून टाकलं. नणंद कित्येक महिने तिच्याशी बोलली नाही. त्या काळात मला फोन करून रडायची. आजही ती लेकीच्या चर्चची पायरी चढलेली नाही, चढणारही नाही. पण लेक जे बोलते ते खरं असतं, एवढा भरवसा त्या घरात आहे, आणि फोन रोज असतो.

तू डिसेंबरात येणार आहेस ना, मग तेव्हाच बोल. व्हिडिओ कॉलवर नको. सगळी भावंडं जमली असताना नको, कुणाच्या साखरपुड्यात किंवा हळदीकुंकवात तर मुळीच नको. आल्या आल्या नको, आणि निघायच्या आदल्या रात्रीही नको. तू विमानात बसशील आणि त्यांनी एकट्यांनी रडायचं, हा अन्याय आहे. बोलून झाल्यावर निदान आठ दिवस तू त्या घरात असायला हवीस. ते गप्प बसतील, ताट सरकवतील, एखाद दिवशी बाबा नुसतेच रंकाळ्यावर निघून जातील. तू तिथेच राहा. भाजी निवड, औषधं दे.

आणि बोलशील ते नम्रपणे. “मला सत्य सापडलं, तुम्ही अंधारात आहात” हा सूर लावलास तर चूक तुझी. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे की आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यावं, पण सौम्यतेने. पत्रकं वाटू नकोस. जोतिबाबद्दल, अंबाबाईबद्दल वावगा शब्द काढू नकोस. त्याच देवांपुढे तुझ्या आईने तुझ्यासाठी पदर पसरला आहे. मी स्वतः अंबाबाईची. तरीही लिहिते, कारण मला माझ्या भावाचं ख्रिस्ती होणं सलत नाही, त्याचं लपवणं सलतं.

आता “घ्यावा का?” याकडे. तू लिहितेस, “मला खरंच येशूवर श्रद्धा आहे, की त्या बाईची माया लागली, हेच कळत नाही.” हे तू लिहिलंस, बरं केलंस. आजारपणात डबा आणणाऱ्या माणसाचे उपकार मोठे असतात, पण ते फेडायला बाप्तिस्मा नसतो. ती बाई उद्या दुसऱ्या शहरात गेली, मंडळीत भांडणं झाली, पाळक बदलले, तरी तू रविवारी जाशील का? लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूच म्हणतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहतं आणि लोक हसतात. तुझ्या हिशेबातला सगळ्यात मोठा खर्च शिवाजी पेठेत आहे. तो न धरता तू हिशेब मांडते आहेस, मग उत्तर येणार कसं? बाबांसमोर बसून “मी यावर विश्वास ठेवते” हे मराठीत, स्वतःच्या तोंडाने म्हणून बघ. जीभ अडखळली तर ईस्टर दरवर्षी येतो, थांब. नाही अडखळली, तर माझ्या परवानगीची तुला गरज नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघ. त्या इंग्लंडला वैद्यकी शिकायला गेल्या आणि 1883 साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुझ्यासारख्याच घरापासून लांब. शाकाहार सोडला नाही, आणि डोळे मिटून मान डोलावली नाही. पटलं नाही तिथे तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टरशी पत्रांतून वाद घातले. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली, मग तुला एका ईस्टरची घाई कशाला?

दुसरं उदाहरण तुझ्या नवऱ्यासाठी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली आणि त्या बाईने काय सोसलं ते तिच्याच आत्मचरित्रात आहे. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतः विचार करून, नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे. “तुझं तू ठरव” म्हणणारा नवरा भला आहे, पण तेवढ्यावर निभावून नेऊ नकोस. त्याला काय वाटतं ते विचार, आणि रविवारी मुलांचं काय करायचं हे दोघं मिळून ठरवा.

एका वाक्याबद्दल तुला रागावणारच आहे. “आपल्या कोल्हापुरात हे कुणाला समजणार?” असं लिहितेस. अगं, अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्चवरून तू शेकडो वेळा गेली असशील. आपल्या भागातली निम्मी घरं कधी ना कधी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जाऊन आलेली आहेत, डॉ. वॉन्लेस यांनी ते 1894 साली सुरू केलं. तुझ्या आजीला विचारलं असतंस तर तिने एखाद्या ख्रिस्ती नर्सबाईचं नाव सांगितलं असतं. पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी, भाकरी-पिठलं खाणारी ख्रिस्ती कुटुंबं याच गावात आहेत. नाताळात इथे असशील तर एका मराठी उपासनेला जाऊन बस. टिळकांची भजनं ऐक. मेलबर्नच्या गिटारीवर जे आवडलं ते पेटी-तबल्यावर आणि स्वतःच्या भाषेतही आवडतं का, ते कळेल. पुढच्या रांगेतल्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्रही बघ, त्यात क्रूस असेल. तुझ्या मंगळसूत्राच्या प्रश्नाचं उत्तर तेच.

प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय वाच, तुझ्याच प्रश्नावर आहेत. मग पाळकांशी बोल. जे ठरेल ते आईला आधी सांग, ऐन वेळी हात मागे घेऊ नकोस. मुंज हा तुम्हा नवरा-बायकोचा निर्णय, आजोबांच्या हौसेखातर ‘हो’ म्हणून पुढे टाळत बसायचं नाही. मालमत्तेचं म्हणशील तर धर्म बदलल्याने मुलीचा वडिलांकडचा वारसाहक्क जात नाही. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत कायदा वेगळा आहे, तुझे दोघे आधीचेच. तरी कोल्हापुरातल्या वकिलाला एकदा कागद दाखव. बाबांशी बोलताना मात्र हा विषय काढू नकोस.

रजेचा अर्ज टाकताना नाताळाच्या आधीचे दोन आठवडे मागून घे. नवऱ्यालाही बरोबर आण. बोलायच्या वेळी त्याने तुझ्याशेजारी बसायचं, आणि मुलांना त्या दुपारी आत्याकडे पाठवायचं. काय झालं ते मला कळव.