पंप उघडण्याआधी नोटीस

प्रश्न : एका गॅरेजमध्ये माझ्या डिझेल गाडीची सर्व्हिसिंग केली, त्यात डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याच दिवसापासून सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागू लागला आणि चढावर पिकअप मिळेना. गॅरेजवाल्यांनी फोनवर सांगितले, "डिझेल खराब असेल, थोडे दिवस चालवून बघा." सात आठवड्यांनी गाडी रस्त्यात बंद पडली. दुसऱ्या गॅरेजने फिल्टर काढून पाहिला. त्यांच्या मते हाय प्रेशर पंप (डिझेल जोरात दाबून पुढे ढकलणारा) व इंजेक्टर (ते इंजिनात फवारणारे) निकामी झाले आहेत. ते उद्याच पंप उतरवायला तयार आहेत. पहिल्या गॅरेजविरुद्ध तक्रार करता येईल का? तोपर्यंत गाडी दुरुस्त करून घेऊ का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे आणि त्यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही. मोबदला घेऊन केलेली सर्व्हिसिंग ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या अर्थाने सेवा आहे, तिच्यात हयगय झाली असेल तर ती सेवेतील त्रुटी ठरते, आणि तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाखल करता येते. सगळे प्रकरण अडले आहे ते दुसऱ्या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. उद्या तो पंप उतरवू देऊ नका. अशा आशयाची पत्रे मला सतत येतात, आणि बहुतेक पत्रांत गाडी केव्हाच दुरुस्त होऊन, जुने भाग भंगारात जाऊन, पत्रलेखकाच्या हाती फक्त नव्या दुरुस्तीचे बिल उरलेले असते. त्या बिलावरून पैसे गेले एवढेच सिद्ध होते. ते कोणामुळे गेले हे त्यातून कळत नाही.

सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. वस्तू प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेण्याची जी तरतूद ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे ती सदोष मालाच्या तक्रारींसाठी आहे. आपली तक्रार मालाची नसून सेवेची आहे, त्यामुळे आयोग स्वतः पुढाकार घेऊन गाडी तपासून घेईल या भरवशावर राहू नये. तज्ज्ञाचा अहवाल आपल्यालाच आणावा लागेल. तो अहवाल समोरच्याला न कळवता, त्याच्या अपरोक्ष तयार झालेला असेल, तर समोरचे वकील एकाच वाक्यात त्याची किंमत कमी करतील : पंप दुसऱ्या गॅरेजने उघडला, आत काय होते आणि काय नंतर झाले हे कोणी पाहिले?

म्हणून आजच पहिल्या गॅरेजला लेखी नोटीस पाठवा. ग्राहक तक्रारीपूर्वी नोटीस देण्याची सक्ती कायद्यात नाही, पण इथे ती नुकसानभरपाई मागण्यासाठी पाठवायची नसून तपासणीला बोलावण्यासाठी पाठवायची आहे. गाडी कोठे उभी आहे, कोणत्या दिवशी व किती वाजता इंधन यंत्रणा उघडली जाणार आहे, तपासणारा कोण आहे, आणि ते हजर राहिले नाहीत तर काम त्यांच्या अनुपस्थितीत होईल, एवढाच मजकूर पुरे. सात ते दहा दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टाने पोच मागवून पाठवा, आणि तीच प्रत त्यांच्या ईमेलवर व व्हॉट्सॲपवरही टाका. ते आले तर दोघांच्या सह्यांचा पंचनामा होईल; आले नाहीत, तर संधी देऊनही ते आले नाहीत ही गोष्ट आयोगापुढे बोलेल. दोन्ही परिस्थितींत आपली बाजू आजच्यापेक्षा भक्कम होते.

तपासणाऱ्याला काय विचारायचे हेही आधी ठरवा. 'चूक कोणाची?' हा प्रश्न त्याला विचारू नका. तो आयोगाचा आहे. त्याने पाहिलेल्या गोष्टी लिहाव्यात, आणि त्या उघडण्यापूर्वीच्या व उघडल्यानंतरच्या अशा वेगळ्या लिहाव्यात. सर्वप्रथम स्कॅनर लावून फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) आणि त्यांच्याबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेमची, म्हणजे बिघाडाच्या क्षणाची, माहिती छापून घ्यावी. रेलमधला, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा पी-००८७ सारखा कोड असेल, तर तो कोणत्या वेगाला आणि इंजिन किती गरम असताना उमटला हे त्यात दिसते. मेकॅनिक मंडळींना आधी कोड पुसून टाकायची आणि मग काम सुरू करायची सवय असते. एकदा पुसल्यावर ती माहिती परत येत नाही.

दुसरी गोष्ट फिल्टरची. आपल्या हकिगतीत दोन शक्यता एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि खटला जिंकायचा तर त्या सुट्या कराव्या लागतील. फिल्टर बदलताना झाकणाची ओ-रिंग (हवाबंद ठेवणारी रबरी कडी) दुमडली किंवा पाइपाची जोडणी नीट बसली नाही, तर ज्या गाड्यांत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो तेथे बाहेर एक थेंबही न गळता आत हवा शिरते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतले डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी सेल्फ मारत राहावे लागते. फिल्टरबदलानंतर दुसऱ्याच दिवशी सुरू झालेले आपले लक्षण या शक्यतेशी जुळते. उलट डिझेलात पाणी किंवा भेसळ असेल, तर फिल्टर कोणीही बसवला असता तरी गाडी बिघडली असती. गॅरेज हीच दुसरी शक्यता पुढे करणार. म्हणून फिल्टरमधले आणि टाकीतले डिझेल वेगवेगळ्या स्वच्छ काचेच्या बाटल्यांत, दोन दोन नमुने असे काढून, सीलबंद करून, त्यांवर दिनांक व सह्या घ्याव्यात. पंपाच्या आत गंज दिसला तर तो पाण्याकडे बोट दाखवतो. नुसता धातूचा चुरा दिसला तर प्रश्न मिटत नाही, कारण कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचेच मिळते आणि हवा मिसळलेल्या डिझेलवर चाललेला पंपही आतून घासत जातो. हा चुरा पुढे रेलमध्ये व इंजेक्टरांत जातो आणि परतीच्या नळीने टाकीतही पोहोचतो, त्यामुळे पंप उतरवण्यापूर्वी इंजेक्टरांच्या परतीच्या डिझेलचे (प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत पाठवतो त्याचे) मोजमाप घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

दुसऱ्या गॅरेजने काढलेला फिल्टर कोठे आहे, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. तो कचऱ्यात गेला नसेल तर या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा तो आहे. झाकण व ओ-रिंगसकट ताब्यात घ्या, फोटो काढा, पिशवीत घालून मोहोरबंद करा. पहिल्या गॅरेजच्या बिलावर फिल्टरचा पार्ट नंबर आहे का तेही पाहा. नुसते 'डिझेल फिल्टर' असे लिहिले असेल, तर तो आपल्या गाडीचाच होता का, हा प्रश्न नोटिशीतच विचारून ठेवावा.

आता आपल्या चुकीकडे येतो, कारण समोरचे वकील तेथूनच सुरुवात करतील. सुरू व्हायला त्रास देणारी गाडी आपण सात आठवडे चालवली आणि एकदाही लेखी कळवले नाही. आपण जे फोन केले त्यांची नोंद फोन कंपनीकडे असेल, पण 'थोडे दिवस चालवून बघा' हे वाक्य तेथे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान टाळण्याचे जे उपाय उपलब्ध होते त्यांचा विचार भरपाई ठरवताना करावा लागतो. पहिल्याच आठवड्यात गाडी पुन्हा त्यांच्या दारात नेऊन उभी केली असती, तर कदाचित ओ-रिंग बदलून भागले असते. पंपाचा व इंजेक्टरांचा संपूर्ण खर्च आयोग देईल असे मी सांगू शकत नाही. काही हिस्सा कापला जाईल अशी तयारी ठेवा. त्यांनीच चालवत राहायला सांगितले याचा एखादा मेसेज असेल तर चित्र बरेच बदलते, म्हणून चॅट पुसू नका आणि फोनही बदलू नका. असा मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे.

जॉब कार्डावर 'काम समाधानकारक' अशा मजकुराखाली आपण सही केली असेल, बहुतेक सगळेच न वाचता करतात, तर तिचे फार भय बाळगू नका. गाडी ताब्यात घेताना आत शिरणारी हवा कोणालाच दिसत नाही. मात्र 'इतरत्र उघडल्यास हमी रद्द' असे कलम तेथे आहे का, ते आज काढून वाचा. ते असेल तर नोटिशीला दुहेरी महत्त्व येते, कारण बोलावूनही न आलेल्या माणसाला ते कलम पुढे करणे जड जाते. ते कलमच अनुचित म्हणून रद्द करून मागण्याच्या भरीस पडू नका. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते आणि आपला मूळ प्रश्न बाजूला पडतो.

बाकीचे थोडक्यात. तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ती मोजताना सर्व्हिसिंगची तारीख धरा आणि फोनवरच्या आश्वासनांनी ती वाढते असे मानू नका. गाडी व्यवसायासाठी वापरत असाल तर आपण 'ग्राहक' आहात का, हा वाद निघेल. स्वयंरोजगारासाठी स्वतः चालवत असाल तर बहुधा अडचण येऊ नये. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, तिकडे वेळ घालवू नका. कायदा तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हणतो. हे वाक्य वाचून मी वर्षानुवर्षे हसत आलो आहे. गाडी तोवर बंद ठेवणे आपल्याला परवडणार नाही, आणि ठेवण्याची गरजही नाही : तपासणी झाली, नमुने सीलबंद झाले, उतरवलेला पंप, इंजेक्टर व फिल्टर आपल्या ताब्यात आले, की दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करून घ्या. जुने भाग नव्या भागांच्या बदल्यात गॅरेजला परत करून बिलात सूट घेण्याचा मोह मात्र टाळा.

दुसऱ्या गॅरेजच्या मेकॅनिकला आजच विचारा की जे तो आपल्याला तोंडी सांगतो ते शपथपत्रावर लिहून देईल का. बरेच जण याच वेळी मागे सरतात. तो सरला, तर दुसरा जाणकार तपासनीस शोधावा लागेल, आणि नोटिशीत नाव त्याचे घालावे लागेल.