मोबाईलवर सगळं मराठी मिळतं, मग सीमाभागातल्या शाळेची खोली कशाला हवी?

तुम्ही विचारलंय की मराठी धडे, गोष्टी, कविता सगळं मोबाईलवर मिळत असताना आणि कर्नाटकातल्या बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांचा पट घसरत असताना इमारतींवर खर्च कशाला करायचा, तेवढ्या पैशांत मुलांना टॅब का देऊ नयेत?

मी खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या एका गावात सरकारी मराठी शाळेत शिकवते. तुम्ही म्हणता तो प्रयोग आम्ही एकदा करून बसलोय, हौसेनं नव्हे, नाइलाजानं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दूरदर्शनच्या कर्नाटकातल्या चंदना वाहिनीवर धडे सुरू झाले, पण ते कन्नडमधून. सह्याद्रीवर मराठीतून लागायचे, खरं ते महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवरचे. आमची मुलं मराठी माध्यमात शिकतात, पण त्यांची पुस्तकं बेंगळुरूहून येतात. तिकडच्या चौथीला शिवरायांचं अख्खं पुस्तक, आमच्या चौथीला नाही. गणितातला भागाकार तेवढा दोन्हीकडे सारखा. म्हणजे मराठी घरात येत होतं, फक्त ते दुसऱ्या कुणासाठी तयार केलेलं होतं.

आमच्या चौथीतल्या एका मुलीचे वडील गोव्याला कामाला. फोन त्यांच्याबरोबरच जायचा, रविवारी ते आले की तिच्या हातात पडायचा. एका सोमवारी पळत आली, "बाई, आपलं खानापूर मोबाईलात दिसलं! नकाशात!" मी बघितलं. महाराष्ट्राचा नकाशा होता आणि तिनं बोट ठेवलं होतं ते सांगली जिल्ह्यातल्या, विट्याकडच्या खानापूरवर. तिला सांगणं भाग होतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आपलं कुठल्या नकाशात असतंय?"

मी कर्नाटकाचा नकाशा काढला. नावं सगळी कन्नडमध्ये. आमच्याकडे पहिलीपासून कन्नड शिकवतात, त्यामुळे तिला अक्षरं येत होती. बेळगावीच्या खाली बोट सरकवत तिनं वाचलं, खा... ना... पू... र. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "आणि आपलं गाव?" गाव त्या नकाशात नव्हतं. आम्ही दोघींनी पेन्सिलीनं एक ठिपका दिला. तो नकाशा अजून वर्गात आहे, ठिपकाही आहे, आणि नवीन येणारं प्रत्येक पोर त्याला एकदा बोट लावून जातं. मोबाईलनं तिला चुकीचं काही दाखवलं नव्हतं. पण तिला कुठं चुकलं हे कळायला शेजारी माणूस लागलं आणि ठिपका द्यायला भिंत लागली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारनं 'विद्यागम' सुरू केलं. शाळा बंदच, पण शिक्षकांनी गावात जाऊन देवळाच्या मंडपात, समाजमंदिरात, झाडाखाली मुलांना छोट्या गटांत शिकवायचं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे झाडाखाली कोण बसणार, पाऊस दिवसदिवस थांबत नाही. देवळाचा मंडप मिळाला. पहिल्याच दिवशी दोन मुलं पायरीवर बसली. "आत या रे," म्हटलं, तर एक पायरी वर आली, बस्स. शाळेत हीच दोघं फळ्यासमोर पुढच्या रांगेत बसायची. धडा तोच, बाई तीच, सोबतची पोरंही तीच. जागा मात्र बदलली होती, आणि आपण कुठवर जायचं हे त्या जागेनं त्यांना न बोलता सांगितलं होतं. मला ते आधी सुचायला हवं होतं, याची खंत अजून आहे.

चार दिवसांनी भाताच्या गिरणीची रिकामी शेड मागून घेतली. सगळीकडे कोंडा, बसायला पोती. तिथं कुणी पायरी शोधली नाही, कारण पायरीच नव्हती. सांडलेल्या भाताचे दहा-दहाचे ढीग करून आम्ही शेकडा शिकलो. ऑक्टोबरमध्ये तो उपक्रम थांबवला तेव्हा मुलं मला विचारत होती, शेड तरी उघडी ठेवता काय म्हणून.

म्हणजे मी मोबाईलच्या विरोधात आहे असं समजू नका. शाळा सुरू झाल्यावर मी मुलांना एक काम दिलं, घरातल्या आजीकडून भाताच्या जुन्या जातींची नावं आणि जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून आणायच्या. आमच्यात एक मुलगा आहे, घरी कोकणी बोलणारा, वर्गात तोंड न उघडणारा. त्याच्या आजीचा आवाज स्पीकरवर लागला तसा तो उठून उभा राहिला आणि एकेका शब्दाचा अर्थ सगळ्यांना सांगायला लागला. तो आवाज त्यानं घरी रोजच ऐकलेला. दहा जणांनी कान देऊन ऐकला तो मात्र शाळेच्या खोलीत.

कायद्याचं एकच सांगते. भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यानं करावी असं सांगणारं राज्यघटनेतलं ३५० क हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं. आमचा तालुका म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तोही त्याच वर्षी. भाषेची माणसं सीमेच्या पलीकडे राहणार हे ठाऊक असल्यामुळेच ते कलम लिहिलं गेलं. मला ही खोली कुणाची मेहेरबानी वाटत नाही ती त्यामुळे.

पट कमी झालाय हे खरंच आहे. घरात मुलं कमी, निम्मी कुटुंबं गोव्याला नाहीतर बेळगावला, आणि ज्यांना जमतं त्यांची पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत. त्या आईबापांना मी दोष देत नाही. खरं पाच वर्गांना मी एकटी आहे, आणि त्यातला किती वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो हे बघून एखाद्या आईनं पोरगं काढून नेलं तर तिला काय सांगू?

तुमच्याकडे खर्चाचा अधिकार असता तर मी आधी दुसरा शिक्षक मागितला असता, मग छप्पर आणि त्यानंतर वर्गाला मिळून एक मोठा पडदा. टॅब द्यायचेच असतील तर घरोघर वाटू नका, पावसात आमच्याकडे चार-चार दिवस लाईट नसते. शाळेच्या कपाटात ठेवा, मुलं मिळून वापरतील. कपाट चांगलं आहे. त्याच्यावरची कौलं तेवढी मे महिन्यात परतून घ्यावी लागतील.