बंदी आली तर सुटेल का?

विद्यापीठाच्या आवारात ई-सिगारेटवर बंदी घालावी की नाही, अशी चर्चा सुरू झाली की माझ्याकडे येणारे पालक आणि विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात : "बंदी आली तर सुटेल का?" तो इतक्यांदा कानी पडला की एका विद्यार्थ्याबरोबरच्या भेटी, त्याची ओळख पुसून, येथे मांडाव्याशा वाटल्या.

तो वादसभेत बंदीच्या विरोधात बोलणार होता आणि आईच्या आग्रहाखातर माझ्याकडे आला होता. पहिल्या भेटीत त्याने मला आपले भाषणच ऐकवले : प्रौढ माणसाचा निवडीचा हक्क, तंबाखू जळत नसल्यामुळे धूर आणि टार यांचा अभाव, सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना होणारी मदत. यातले बरेचसे खरे असल्यामुळे मी ते खोडून काढले नाही. एवढेच विचारले, "सिगारेट सोडण्यासाठी तू हे सुरू केलेस का?"

"नाही. मी सिगारेट कधीच ओढली नव्हती."

दुसऱ्या भेटीत मी विचारले, "जाग आल्यावर पहिला झुरका किती वेळाने घेतोस?" तो म्हणाला, "ती उशीखालीच असते, मॅडम." जागे झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तलफ येणे हे अवलंबित्व खोल गेल्याचे लक्षण आहे, पण हे मी त्याला तेव्हा सांगितले नाही. बदलाचे कारण माणसाच्या स्वतःच्या तोंडून यावे लागते, अशी माझी धारणा आहे आणि तिने मला क्वचितच दगा दिला आहे.

तिसऱ्या भेटीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन तासांच्या पेपरात दुसरा तास संपला की मला अक्षरे दिसेनाशी होतात. भाषणात मी 'निवड' म्हणतो. पण उठून बाहेर कधी जायचे, हे मी ठरवत नाही." रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, हे मी त्याला त्यानंतरच सांगितले. आपल्या कमकुवतपणाला नव्हे, तर एका रसायनाला वेळापत्रक असते, हे कळताच त्याचा चेहरा सैलावला. त्या क्षणी मलाही उमगले की बंदीवरचा त्याचा राग बराचसा भीतीचा होता : आवारात ओढता आले नाही, तर दिवस कसा निघणार?

म्हणून पालकांना माझे सांगणे असे आहे. ज्याने अजून सुरुवात केलेली नाही, त्याच्यासाठी बंदी उपयोगी आहे, कारण डोळ्यांसमोरचे आमिष कमी होते. ज्याला सवय जडली आहे, त्याचा झुरका मात्र बंदीमुळे वसतिगृहाच्या न्हाणीघरात जातो. तेव्हा नियम होणारच असेल, तर प्रथम सापडलेल्या विद्यार्थ्याला शिस्तपालन समितीऐवजी मदतीकडे पाठवण्याचे कलम त्यात असावे, असा आग्रह धरा. घरी "का ओढतोस?" असे विचारण्याऐवजी "पहिला झुरका कधी?" असे विचारा. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव काही आठवडे राहू शकतो. त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर सोडण्याचा हट्ट धरू नका. एकेक तलफ मात्र बहुधा काही मिनिटांत ओसरते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीचा आधार घेता येतो.

वादसभेत तो बंदीच्या विरोधातच बोलला, पण 'निवड' हा शब्द त्याने भाषणातून काढून टाकला होता. परीक्षा संपल्यावर त्याने सोडायचा दिवस ठरवला, पाचव्या दिवशी घसरला, आणि कोणी न विचारता ते सांगायला स्वतःहून माझ्याकडे आला.