आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ओव्हरऑल ७ आले, पण रायटिंगमध्ये ६ आहेत. हा निकाल पुरेसा समजावा का? फेरतपासणीला द्यावा का?

तुमचे आकडे वाचले आणि २०१९ सालचे माझे स्वतःचे निकालपत्र डोळ्यांसमोर उभे राहिले, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे. लिसनिंग ८, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ७ आणि ओव्हरऑल ७ असा तुमचा निकाल आहे, ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची आहे, आणि ‘ओव्हरऑल सात आहे म्हणजे काम झाले ना?’ असे तुम्ही विचारले आहे. काम झालेले नाही. नर्सची नोंदणी करणारी तिथली परिषद, म्हणजे एनएमसी, लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ आणि रायटिंगमध्ये किमान ६.५ मागते. रायटिंगची अटसुद्धा पूर्वी ७ ची होती, ती २०१८ च्या अखेरीस अर्ध्या बँडने (या परीक्षेतील गुणांना बँड म्हणतात) खाली आली. पण ६ तेव्हाही चालत नव्हते आणि आजही चालत नाहीत.

मी तेव्हा मिरजेला एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते. परीक्षा पुण्याला जाऊन कागदावर दिली होती आणि तेराव्या दिवशी निकाल लागला तेव्हा माझी रात्रपाळी नुकतीच संपली होती. मी मोबाईलवर पान उघडून आकडे वडिलांना वाचून दाखवले: साडेसात, सात, सहा, सात, आणि शेवटी ओव्हरऑल सात. वडिलांनी शेवटचा आकडा तेवढा धरला. मी अंघोळ करून बाहेर येईपर्यंत त्यांनी अर्धा किलो पेढे आणले होते आणि शेजारच्या दोन घरांत ‘पोरगी पास झाली’ असे सांगूनही झाले होते. या परीक्षेत पास-नापास असे काही नसते, ज्याने निकाल मागितला आहे त्याची अट पूर्ण होते किंवा होत नाही इतकेच असते, हे मला त्यांना पेढ्यांचा पुडा समोर असताना समजावून सांगावे लागले.

ओव्हरऑलचा सात मुळात येतो कसा, हे त्यासाठी ठाऊक हवे. चार भागांच्या बँडांची सरासरी काढतात आणि ती जवळच्या अर्ध्या बँडावर नेतात. माझी बेरीज २७.५, सरासरी ६.८७५, म्हणून सात. सरासरी नेमकी पाव किंवा पाऊण बँडावर अडकली, तर ती वरच्या बाजूला जाते, म्हणजे ६.२५ चे ६.५ आणि ६.७५ चे ७ होतात. ओव्हरऑल हा आकडा असा उदार मनाचा असल्यामुळे तो एका भागातील खड्डा झाकून टाकतो. त्या दिवशी आमच्या घरी नेमके तेच झाले, आणि तुमचेही तेच झाले आहे.

त्याच संध्याकाळी माझे चुलत दादा घरी आले. ते सांगलीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे, त्यामुळे ते गोष्टीची पुस्तके वाचत होते त्या वयात मी एबीसीडी गिरवत होते. त्यांनी रायटिंगचा सहा पाहिला आणि पेढा तोंडात टाकत म्हणाले, “मराठी मीडियम शेवटी कुठेतरी दिसतंच.” मला उत्तर सुचले नाही. रागाच्या भरात मी दुसऱ्याच दिवशी रायटिंगच्या फेरतपासणीसाठी अर्ज केला आणि परीक्षेच्या फीवर आणखी काही हजार रुपये घातले. एक ज्येष्ठ परीक्षक पेपर नव्याने तपासतात, आणि बँड वाढला तर फेरतपासणीची फी परत मिळते. माझा बँड वाढला नाही. सहाचे सहाच राहिले, पैसे गेले, आणि दादांना आणखी एक पेढा मिळाल्यासारखे झाले.

त्यानंतर मी जे करायला हवे होते ते केले, म्हणजे रायटिंगला गुण कशाचे देतात हे शांतपणे वाचून काढले. निकष चार आहेत: प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. शिवाय दुसऱ्या टास्कचे, म्हणजे निबंधाचे, वजन पहिल्या टास्कच्या, म्हणजे आलेखाच्या वर्णनाच्या, दुप्पट असते. परीक्षेत मला पाणीवापराचा एक स्तंभालेख आला होता. मी त्यातील प्रत्येक वर्षाचा प्रत्येक आकडा इमानेइतबारे उतरवून काढला होता, वॉर्डमध्ये टीपीआर चार्ट (ताप, नाडी आणि श्वसनाच्या नोंदींचा तक्ता) भरतात तसा, आणि एकंदर कल काय दिसतो हे एका वाक्यातही लिहिले नव्हते. त्या एकंदर कलाला ओव्हरव्ह्यू म्हणतात, आणि तो नसेल तर पहिल्या निकषात तुम्ही पाचाच्या आसपासच अडकता, मग इंग्रजी कितीही शुद्ध असो. बरे, त्या आलेखावर मी वीसऐवजी तीस मिनिटे घालवली होती, त्यामुळे दुप्पट वजनाच्या निबंधाला उरलेल्या अर्ध्या तासात मी क्लासमध्ये पाठ करून घेतलेली ‘इन धिस मॉडर्न एरा’ छापाची वाक्ये ओतून मोकळी झाले. आपण शाळेत ‘आजच्या विज्ञानयुगात’ म्हणून निबंध सुरू करायचो, त्याचीच ही सख्खी बहीण. पाठ केलेले वाक्य परीक्षकाला पहिल्या ओळीत कळते. अशी वाक्ये विकणाऱ्या क्लासला फी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सांगा, यात मराठी माध्यम कुठे आले? ज्या लिसनिंगमध्ये चाळीसपैकी साधारण तीस उत्तरे बरोबर आली की सात मिळतात आणि स्पेलिंग चुकले तरी गुण जातो, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीने साडेसात मिळवले होते. माझे इंग्रजी कमी पडले नव्हते, मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली. रोज एक आलेख घेऊन फक्त ओव्हरव्ह्यूची दोन वाक्ये लिहिणे, एवढाच रायटिंगचा खरा सराव केला होता. रायटिंगमध्ये ६.५ आले आणि बाकीचे तीन भाग सातच्या खाली गेले नाहीत.

दादांनी २०२२ मध्ये कॅनडासाठी याच परीक्षेचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार दिला, ज्यात पहिल्या टास्कला आलेखाऐवजी पत्र लिहायचे असते. त्यांचे लिसनिंग ८.५, रीडिंग ७.५, स्पीकिंग ८ आणि रायटिंग ६.५. ओव्हरऑल साडेसात, म्हणजे माझ्यापेक्षा वरचढच. पण कॅनडा ओव्हरऑल पाहत नाही, प्रत्येक भागाची पातळी वेगळी मोजतो, आणि त्यांना हवी असलेली नववी पातळी रायटिंगमध्ये सात असल्याशिवाय मिळत नाही. “परीक्षकानं नीट तपासलेलं नाही,” असे ते फोनवर म्हणाले. मी त्यांचे सरावाचे एक पत्र मागवून घेतले. घरमालकाला गळक्या नळाबद्दल लिहायचे होते, आणि दादांनी ते कॉलेजच्या मित्राला लिहावे तशा सलगीच्या भाषेत, अगदी झोकदार इंग्रजीत लिहिले होते. मी माध्यमाचा विषय काढला नाही. काढायचा फार मोह झाला होता, हे मात्र कबूल करते.

तेव्हा फेरतपासणीचे म्हणाल तर, आधी परीक्षेच्या दिवशी तुम्ही काय लिहिले ते आठवून कागदावर मांडा. ओव्हरव्ह्यू होता का? निबंधात दोन्ही बाजू मागितल्या असताना एकच लिहिली का? शब्द २५० च्या खाली गेले का? यांपैकी काही झाले असेल तर पैसे वाचवा. उत्तर खरोखर नीट उतरले होते अशी खात्री असेल आणि अर्ध्याच बँडाचा प्रश्न असेल, जसा तुमचा आहे, तर अर्ज करण्यात चूक नाही. माझा वाढला नाही म्हणून तुमचाही वाढणार नाही असे मी म्हणत नाही. अर्ज परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत करावा लागतो, निकालाच्या तारखेपासून नव्हे, एवढे लक्षात ठेवा.

संगणकावर परीक्षा दिली असेल तर साठ दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देण्याची सोय आता आहे. माझ्या वेळी ती नव्हती. मात्र असा निकाल सगळ्याच संस्था धरत नाहीत, त्यामुळे पैसे भरण्याआधी एनएमसीच्या संकेतस्थळावरील चालू नियम स्वतः वाचा. दोन वेळच्या परीक्षांचे निकाल एकत्र धरण्याची मुभाही काही अटींवर तिथे आहे, तेही पाहून घ्या. आणि आलेखांचा अगदीच कंटाळा असेल तर एनएमसी ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षासुद्धा मान्य करते. त्यात नर्सला रुग्णाच्या कागदपत्रांवरून पत्र लिहायचे असते, जे आपण डिस्चार्जच्या वेळी एरवीही लिहीत असतो.