वाचकांचे प्रश्न : सरावात साधते ते सामन्यात का निसटते?

खेळाडूंच्या मनाच्या तयारीविषयी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या टपालात खेळाडूंइतकीच पालकांची आणि प्रशिक्षकांचीही पत्रे निघाली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि दहा मीटर एअर रायफल खेळते. सरावात स्कोअर चांगला लागतो. स्पर्धेत मात्र पहिल्या चार सीरिज (दहा शॉटची एक) ठीक जातात आणि पाचव्या सीरिजपासून छातीचे ठोके रायफलपर्यंत जाणवू लागतात. एखादा शॉट नऊच्या खाली गेला की पुढचे सगळेच बिघडते. सर म्हणतात, ‘मन शांत ठेव.’ ते कसे ठेवायचे, हे कोणी सांगत नाही. — नेमबाज विद्यार्थिनी, नाशिक रोड

तुझी तक्रार रास्त आहे. ‘मन शांत ठेव’ हे वाक्य काय व्हायला हवे ते सांगते, काय करायचे ते सांगत नाही, आणि फायरिंग पॉइंटवर उभ्या असलेल्या मुलीला करण्याजोगे काहीतरी हवे असते.

आधी ठोक्यांविषयी. स्पर्धेत शरीरात अॅड्रिनलिन वाढते, हृदय जोरात चालते, तळहाताला घाम येतो. हा भित्रेपणा नव्हे. समोरची गोष्ट महत्त्वाची आहे, हे शरीराने ओळखल्याची ती खूण आहे, आणि भीती व उत्साह या दोन्हींत शरीर जवळपास असेच वागते. हार्वर्डमधील संशोधक अॅलिसन वूड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषण, गायन किंवा गणिताच्या चाचणीआधी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. तेव्हा ठोके वाढले की त्यांच्याशी भांडत बसू नकोस; ‘अंग तयार झाले’ एवढे म्हणून पुढच्या कामाला लाग. नेमबाजीत हात स्थिर लागतो, त्यामुळे वेटलिफ्टरला उपयोगी पडणारी उत्तेजना तुला अडचणीची ठरते, हेही खरे आहे. त्यावरचा सर्वांत सोपा इलाज म्हणजे श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणे, कारण श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते. रायफल स्टँडवर असताना असे दोन-तीन श्वास घेता येतात.

परंतु माझ्या मते तुझी खरी अडचण ठोक्यांत नाही. चाळीस शॉट झाले की मन हिशेब मांडू लागते : उरले वीस, इतके पडले तर एकूण इतके, अमुक मुलगी किती पुढे आहे. या हिशेबाने धास्ती वाढते, आणि धास्तावलेला खेळाडू एरवी आपोआप होणारी क्रिया मुद्दाम सांभाळून करू पाहतो. बोट ट्रिगरवर नीट आहे ना, कोपर बरोबर टेकले ना, असे तपासू लागतो. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये गोल्फ आणि फुटबॉल खेळणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच आढळले. आपल्या हालचालीकडे बारीक लक्ष द्यायला सांगितल्यावर नवख्यांचा खेळ सुधारला आणि मुरलेल्या खेळाडूंचा बिघडला. म्हणजे तंत्र तुला येत नाही म्हणून शॉट जात नाही; येत असलेल्या तंत्रात तू मध्येच हात घालतेस म्हणून जातो.

म्हणून लक्षाला ठरलेले काम द्यावे. पेलेट (छर्रा) भरला, रायफल खांद्याला लागली, गाल टेकला, एक श्वास आत, सावकाश बाहेर, नजर साइटवर, मनात तूच निवडलेला एक शब्द, शॉट, आणि शॉटनंतर क्षणभर तसेच थांबणे. हा क्रम साठही शॉटना एकच असावा, पहिल्यालाही आणि शेवटच्यालाही. शब्द निवडताना ‘चुकू नको’ यासारखा नकारार्थी शब्द टाळावा. ‘हलके’, ‘सावकाश’ असा क्रियेचा पोत सांगणारा शब्द घ्यावा. नेम काही सेकंदांत स्थिरावला नाही, तर शॉट रेटू नये. रायफल खाली घ्यावी आणि क्रम पहिल्यापासून सुरू करावा. साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटे असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट येते. रायफल खाली घेण्याची चैन तुला अनेकदा परवडते, आणि घाईत मारलेला शॉट एकदाही परवडत नाही. वाईट शॉट गेलाच, तर त्यासाठीही एक छोटा क्रम ठेव : रायफल स्टँडवर, नजर लक्ष्यावरून काढून जमिनीवरच्या एका ठरावीक जागेवर, एक लांब श्वास, मग पुढचा पेलेट. स्क्रीनवरच्या आकड्याकडे दुसऱ्यांदा पाहू नये.

हे सर्व स्पर्धेच्या दिवशी प्रथमच करून पाहशील, तर उपयोग होणार नाही. आठवड्यातून एक-दोन सराव असे आख की सुरुवातीलाच थोडा थकवा येईल आणि मग शेवटचे वीस शॉट मोजून मारायचे. मैत्रिणींना मागे उभे राहून बोलायला सांग, आकडा मोठ्याने वाचायला सांग. घरी रिकाम्या रायफलीने ड्राय प्रॅक्टिस करतानाही हाच क्रम पाळ. मनाचा सराव वेगळा आणि खेळाचा वेगळा, अशी विभागणी आपल्याकडे फार रुजली आहे, आणि तिने बरेच नुकसान केले आहे.

शालेय वयात नाशिकमध्ये नेमबाजीचे धडे घेतलेल्या स्वप्निल कुसाळेची 2024 मधील पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी तू पाहिली असशील. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून मारायचे दोन टप्पे झाले, तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्या स्थितीत तो वर सरकला आणि 451.4 गुणांवर कांस्यपदक मिळवून गेला. ती फेरी पुन्हा पाहा, आणि या वेळी गुणफलक न पाहता केवळ दोन शॉटमधल्या वेळात तो काय करतो, तेवढेच पाहा.

प्रश्न : मी पेठ तालुक्यातील एका शाळेत खो-खो शिकवतो. मुले जीव तोडून खेळतात. पण महत्त्वाच्या सामन्यात खो मिळण्याआधीच उठतात आणि फाउल होतो. मी बाहेरून ओरडतो, नंतर सर्वांसमोर खडसावतो. आमच्या गुरुजींनी आम्हाला असेच घडवले. यंदा मात्र दोन चांगले खेळाडू सरावाला येईनासे झाले आहेत. कडकपणा सोडला तर शिस्त कशी राहील? — क्रीडाशिक्षक

सर, शिस्त आणि चारचौघांतला अपमान या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वेळेवर येणे, मैदान आखणे, पंचांचा निर्णय मानणे, यांत तुम्ही जितके कडक राहाल तितके चांगले. चूक झाल्यावर मुलाला काय ऐकायला मिळते, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी 1970 च्या दशकापासून मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांचे मैदानावर बसून निरीक्षण केले. पुढे त्यांनी प्रशिक्षकांसाठी काही तासांची कार्यशाळा तयार केली. प्रयत्नाला दाद द्या, चुकीनंतर धीर द्या आणि पुढे काय करायचे ते सांगा, शिक्षा टाळा, एवढाच तिचा गाभा होता. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, कार्यशाळा न केलेल्या प्रशिक्षकांची 26 टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत. कार्यशाळा केलेल्यांकडे हे प्रमाण 5 टक्के होते. दोन्ही गटांतील संघांच्या हार-जीतीत मात्र लक्षणीय फरक नव्हता. तुमचे दोन खेळाडू का गेले असतील, याचा एक धागा येथे मिळतो.

आता फाउलकडे पाहू. बसलेल्या मुलाने पाठीवर तळवा लागेपर्यंत थांबायचे असते. सामन्यात त्याचे डोळे पळणाऱ्याकडे, कान गोंगाटाकडे आणि निम्मे लक्ष तुमच्या आवाजाकडे असते, त्यामुळे ‘खो’सारखे काहीही कानावर पडले की तो उठतो. तुम्ही ओरडता तेव्हा त्या गोंगाटात आणखी एका आवाजाची भर पडते. सरावात पाठलाग करणाऱ्याला सांगा की त्याने मधूनमधून स्पर्श न करता नुसते ‘खो’ म्हणावे. बसलेल्याने हलायचे नाही. स्पर्श आणि आवाज दोन्ही आले तरच उठायचे. राखीव मुलांना कडेला उभे करून मुद्दाम कल्ला करू द्या. मुलांना यात मजा येते आणि पाठीवरच्या स्पर्शाकडे लक्ष ठेवण्याची सवय आपसूक लागते.

सामन्यात फाउल झालाच, तर एकच छोटे वाक्य बोला, ‘हात लागू दे, मग ऊठ,’ आणि तेही खेळ थांबला असताना. कारणमीमांसा दुसऱ्या दिवशीच्या सरावात, आणि एकट्याला बाजूला घेऊन. तुमच्या गुरुजींनी तुम्हाला घडवले, याबद्दल त्यांचे ऋण मोठेच आहे; तथापि त्याच पद्धतीने जी मुले खेळ सोडून गेली, ती आज पत्र लिहीत नाहीत. त्या दोन खेळाडूंच्या घरी एकदा जाऊन या. समजूत घालायला म्हणून नको, त्यांचे म्हणणे ऐकायला जा.

प्रश्न : मुलगा बॅडमिंटन खेळतो, वय तेरा. हरल्यावर सिन्नरला परतताना गाडीत मी त्याच्या चुका समजावून सांगतो, पण तो खिडकीबाहेर बघत राहतो. मी बोलावे की नाही? — एक वडील

परतीच्या प्रवासात चुका काढू नका. तेरा वर्षांच्या मुलाला आपण कसे हरलो, हे बहुधा तुमच्याइतकेच ठाऊक असते. बाबा नाराज आहेत का, एवढेच त्याला ठाऊक नसते. भूक लागली का ते विचारा, खाऊ घाला, आणि तुझा खेळ बघायला मला आवडते, असे खरे वाटत असेल तर सांगा. तांत्रिक बोलणे प्रशिक्षकांवर सोडा. त्याने स्वतःहून विषय काढला तर जरूर बोला, पण आधी ‘तुला काय वाटले?’ असे विचारून.

हार किती लवकर मागे टाकता येते, हे दाखवणारे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ याला 2018 च्या आशियाई स्पर्धेत आजारपणामुळे एकेरीच्या अंतिम शर्यतीत पदक मिळाले नाही, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. मात्र हे उदाहरण हरलेल्या दिवशी मुलाला ऐकवू नका. त्या वेळी ते टोचते.

प्रश्न : मी त्र्यंबकेश्वर तालुक्यातील आहे. कविता राऊतताईंना पाहून धावायला लागले. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडणारी बारीक चीर) झाल्यामुळे डॉक्टरांनी धावणे बंद ठेवायला सांगितले आहे. मैत्रिणी पहाटे सरावाला जातात तेव्हा रडू येते. पुन्हा धावले आणि परत मोडले तर, ही भीतीही वाटते. — धावपटू, वय 19

2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून तुझ्यासारख्या कितीतरी मुली या डोंगरांतून धावू लागल्या, आणि म्हणून तुझे पत्र आम्हाला जवळचे वाटले. रडू येणे स्वाभाविक आहे. दिवसाचा आकार ज्या गोष्टीने ठरत होता तीच बंद झाली आहे, आणि सोबतच्या मुलींपासूनही तू तुटली आहेस. धावू शकत नसलीस, तरी सरावाच्या जागी जाणे सोडू नकोस. घड्याळ लावणे, लॅपच्या वेळा लिहिणे, असे एखादे नेमके काम प्रशिक्षकांकडून मागून घे.

रोज काही मिनिटे डोळे मिटून तुझा नेहमीचा मार्ग मनाने धाव. चढ कुठे लागतो, श्वास कधी जड होतो, पाऊल जमिनीवर कसे पडते, हे सगळे खऱ्या वेगाने आणि आतून अनुभवायचे आहे. दुरून स्वतःला पाहायचे नाही. याने हाड लवकर जुळत नाही, पण धावण्याची घडी मनात ताजी राहते आणि परतताना परकेपणा कमी वाटतो.

भीतीवर नुसत्या धीराच्या शब्दांचा उपयोग होत नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून परतण्याचे टप्पे लिहून घे : किती दिवस चालणे, मग किती मिनिटे चालणे-धावणे, कोणते दुखणे चालेल आणि कोणत्या दुखण्याला थांबायचे. टप्पा पार पडला की खूण कर. भीती कमी होते ती अशा खुणांनी. आणखी एक गोष्ट संकोच न करता डॉक्टरांना सांग. पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल, तर सरावाच्या मानाने आहार कमी पडत असण्याची शक्यता असते आणि त्याने हाडे कमकुवत होतात. बारीक राहिले की वेग वाढतो, या समजापायी अनेक मुली पोटाला चिमटा घेतात. अशा मुलींना पुन्हा पुन्हा फ्रॅक्चर होण्याचा धोका असतो.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक गेली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. खेळाडूने तेथे फोन करणे आणि पाय दुखल्यावर डॉक्टरांकडे जाणे यांत कमीपणाच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

धावणे पुन्हा सुरू होईल तेव्हा पहिल्या काही आठवड्यांच्या वेळा नोंदवू नकोस, आणि मैत्रिणींच्या गटात न मिसळता एकटीने किंवा तुझ्याच टप्प्यावर असलेल्या कुणासोबत धाव. प्रशिक्षकांनाही हे आधीच सांगून ठेव, म्हणजे पहिल्याच दिवशी ते स्टॉपवॉच काढणार नाहीत.