जुना एसी बदलण्यापूर्वी

परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे गेल्यावर दुकानात घाईने घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. म्हणून आपण हा विचार हिवाळ्यातच करावा. पंधरा वर्षांपूर्वीच्या बहुतेक घरगुती एसींत आर-२२ हा वायू असे, आणि ओझोनच्या थराला घातक म्हणून तो मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत असल्याने, गळक्या यंत्रात दर उन्हाळ्यात तोच भरत राहणे मला तरी पटत नाही.

जुना दीड टनाचा होता म्हणून नवाही तेवढाच, असे धरून चालू नये. आधी तापणाऱ्या स्लॅबवर पांढरा चुना द्यावा, पश्चिमेची खिडकी झाकावी आणि मगच क्षमता ठरवावी. लेबलवर तारे पाहावेतच, पण वार्षिक युनिटेही वाचावीत. ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात आणि आपल्याकडचा वापर त्याहून अधिक होऊ शकतो.

बसवताना पैसे वाचवण्यासाठी जुनीच तांब्याची नळी जोडण्याचा आग्रह कारागीर धरतो (मीही एकदा त्याला बळी पडलो होतो), परंतु तिच्यात जुन्या यंत्राचे खनिज तेल राहते, जे नव्या वायूच्या तेलाशी जुळत नाही. नवी नळी घ्यावी, व्हॅक्यूम पंपाने हवा काढून घ्यावी, अर्थिंग तपासावे. कूलर मात्र विकू नये. आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये, पाणी असेल तर, तो पुरेसा असतो.